सात मिनिटं बारा सेकंद

३ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं म्हणून ही वही. राग आला की फेकाफेक करायची नाही, बसून लिहून काढायचं. गेल्या वर्षभरात माझ्या हातून दोन वॉकीटॉकी, एक खुर्ची आणि एका सहायकाचा चष्मा फुटला. फुटला तेव्हा चष्मा त्याच्या नाकावर होता, एवढं मात्र मी बाईंना सांगितलं नाही. घरात बायकोनं काचेची भांडी केव्हाच माळ्यावर टाकली आहेत. पाहुण्यांनाही आमच्याकडे स्टीलचेच पेले मिळतात.

पण आज राग नाही. निर्मात्यानं हो म्हटलं! बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सिनेमातल्या मारामाऱ्या बसवल्या. दिग्दर्शक सांगणार, ‘मास्टर, इथं जरा दणकट काहीतरी करा,’ आणि चहा प्यायला जाणार. मी माणसं आपटायची, काचा फोडायच्या, आणि नंतर संकलकानं त्याचे शंभर तुकडे करून कोशिंबीर करायची. आता सिनेमा माझा. आणि त्याच्या मधोमध एकच मारामारी, सात मिनिटं बारा सेकंदांची. जळत्या इमारतीच्या सहाव्या मजल्यावरून नायक जिन्यानं खाली येतो. वाटेत नऊ जण. कॅमेरा एकदाही थांबणार नाही. एकही कट नाही, एकही जोड नाही. असं कोणी केलेलं नाही. केलं असेल तर चोरून जोड लावून केलं असेल.

रात्री झोप लागेल असं वाटत नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

धाकट्याला बोलावलं. माझा भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी लहान. पडण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. तिसऱ्या मजल्यावरून पडून उठतो आणि कपडे झटकतो. हिरोला दोन मजले चढले की धाप लागते, त्यामुळे शरीर धाकट्याचं वापरायचं आणि चेहरा नंतर संगणकावर हिरोचा बसवायचा असं ठरलंय.

स्वयंपाकघराच्या फरशीवर मी खडूनं जिना काढला आणि एकेक मजला समजावून सांगितला. सहाव्यावर दार तोंडावर आदळतं. पाचव्यावर दोघं मिळून त्याचं डोकं नळाच्या पाइपावर आपटतात, पाइप फोमचा आहे. चौथ्यावर काच. तिसऱ्यावर सळई, दुसऱ्यावर चाकू. आणि पहिल्या मजल्यावर शेवटचा माणूस पैलवान. तो आगीच्या बंबाचा पाइप धाकट्याच्या गळ्याभोवती गुंडाळतो आणि त्याला कठड्यावरून जिन्याच्या पोकळीत ढकलतो. धाकटा लटकतो, धडपडत वर येतो, शेवटच्या पायऱ्यांवर पुन्हा सापडतो, आणि तिथून जिंकतो. लटकताना त्याचं सगळं वजन कमरेच्या वायरवर असणार, गळ्यातला पाइप नुसता दिसायला. त्यात चुंबकाचा एक सांधा आहे. खरं वजन आलंच तर तो आपोआप सुटतो.

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “दादा, हे झालं की बस. मान वळवली की डावा हात बधिर होतो. पोहायला शिकवण्याचा वर्ग काढावा म्हणतोय.”

मी म्हटलं, “मान आपल्या धंद्यात सगळ्यांचीच दुखते.”

“तुझी दुखत नाही.”

“माझं डोकं दुखतं. तुझ्यासारख्यांमुळे.”

तो हसला. त्याची बायको दारात उभी होती. ती आमच्याच युनिटमध्ये शिवणकाम करते, मार खाणाऱ्यांच्या कपड्यांखालचे पॅड तीच शिवते. ती हसली नाही. म्हणाली, “मी मानेसाठी एक पट्टा शिवतेय, कॉलरच्या आत बसेल असा. तो काढायचा नाही, दादा.” मी बरं म्हटलं.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज हिरोचा चेहरा मोजून घेतला. दिव्यांच्या गोल पिंजऱ्यात त्याला बसवलं, चाळीस कॅमेरे एकदम चालू. राग दाखवा, भीती दाखवा, वेदना दाखवा. वेदना दाखवताना तो चार दिवस पोट साफ न झाल्यासारखा दिसला. चेहरेवाला म्हणजे हे संगणकाचं काम करणारा टकला माणूस, पन्नाशीचा, कधी आवाज चढवत नाही. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “यातून फार काही हाती लागणार नाही, मास्टर. भावाच्या चेहऱ्यावर ठिपके लावू. हालचाल त्यांची उचलू, वर कातडी यांची घालू.”

मला ही युक्ती आवडली. मग त्यानं दुसरी सांगितली आणि माझं टाळकं सरकलं. म्हणे शॉट तीन तुकड्यांत घ्या. प्रत्येक जिन्याच्या वळणावर अंधार आहेच, कॅमेरा झर्रकन फिरला की तिथं मी जोड लपवतो, देवालासुद्धा कळणार नाही. भावालाही मध्ये दम घेता येईल.

समोर टेबलावर त्याचा महागडा स्क्रीन होता. माझे हात शिवशिवले. डॉक्टरीणबाई आठवल्या. हात खिशात घालून मी म्हटलं, “जोडच लावायचे असते तर शिंपी झालो असतो.”

मागून भावजय म्हणाली, “शिंप्यांचे जोड टिकतात, दादा.”

सगळे हसले. मीही हसलो. पण जोड लावणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

तालमी सुरू. पाडायला काढलेली एक रिकामी इमारत मिळाली आहे. खिडक्यांबाहेर एलईडीची प्रचंड भिंत उभी केली, तिच्यावर जळता रस्ता दिसतो. नुसता दिसत नाही, त्या आगीचा उजेड थेट माणसांच्या घामावर पडतो. कॅमेरा जिन्याच्या मधल्या पोकळीत वायरवर टांगलाय. तो मजल्यामजल्याला उतरतो, तिथला माणूस तो झेलतो, मारामारीत घुसतो आणि पुन्हा वायरला अडकवून सोडून देतो. कॅमेरावाली बाई म्हणाली की तान्ह्या मुलाला असं हातोहात दिलं तर आई जीव घेईल.

आज एक सोन्यासारखी गोष्ट सापडली. शेवटच्या पायऱ्यांवर पैलवानाचा गुडघा चुकून खरोखर धाकट्याच्या बोटांवर पडला. धाकट्यानं दुसरा हात पायरीवर तीनदा आपटला. ही आमच्या धंद्यातली खूण. तीनदा हात म्हणजे खोटं संपलं, खरंच लागतंय, सोड. पैलवानानं सोडलं. पण मी मॉनिटरवर पाहत होतो. तो हात! पालथा, पायरीवर, एक, दोन, तीन. बावीस वर्षांत पडद्यावर माणूस इतका हरलेला मी पाहिला नाही. मी ओरडलो, “हे ठेवा! हेच हवंय!”

हा हात आता प्रसंगात आहे. सहा मिनिटं पंचावन्न सेकंदांना, शेवटच्या पायऱ्यांवर.

नोंदवाली बाई प्रत्येक टेकची बारीकसारीक नोंद ठेवते आणि नको तेव्हा शहाणपणा शिकवते. ती म्हणाली, “मास्टर, हात जर नाटकातला झाला तर खरं लागल्याची खूण कोणती?”

मी जागच्या जागी ठरवलं. तोंडानं ‘पाणी’ म्हणायचं. कोणीही ‘पाणी’ म्हटलं की सगळं बंद. कागदावर लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. धाकट्यानंही केली. सही करताना म्हणाला, “बाबांची खूण बदललीस, दादा.”

तीनदा हात आम्हाला बाबांनी शिकवला. तेही हेच काम करायचे. मागच्या अंगणात आम्हाला एकमेकांवर सोडायचे. हात आपटला की सोडायचं, समोर कोणी का असेना. मी अकरा वर्षांचा असताना एकदा सोडलं नाही. धाकट्यानं तीनदा हात मारला, मी आणखी थोडा वेळ धरून ठेवलं, कारण मी जिंकत होतो. त्याच्या गळ्याजवळचं हाड मोडलं. बाबांनी मला पट्ट्यानं मारलं. मी जमिनीवर हात आपटला, तीनदा, सहादा, मोजायचं सोडून दिलं. ते थांबले नाहीत. म्हणाले, “तू थांबलास का?”

मला बाबांचा राग नाही. त्यांच्यामुळे मी शिस्तीचा झालो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

शूटिंगचा पहिला दिवस. चार टेक.

पहिला पाचव्या मजल्यावर मेला, कॅमेरा झेलणारा घसरला. दुसऱ्यात चौथ्या मजल्यावरची साखरेची खोटी काच फुटलीच नाही, धाकटा तिच्यावर आदळून मागे आला आणि कपाळ सुजलं. तिसऱ्यात शर्टाखालची खोट्या रक्ताची नळी नको तेव्हा फुटली आणि चाकू लागण्याआधीच माणूस रक्तबंबाळ.

चौथा टेक! अंगावर काटा आला. दार तोंडावर, डोकं पाइपावर, सळई पाठीत. सळई रबराची, पण पाठ खरी, आणि तो आवाज सगळ्या जिन्यात घुमला. धाकटा ओठ फाटलेला, डोळ्यांत आगीचा उजेड, उतरतोय, मार खातोय, मारतोय. सहा मिनिटं वीस सेकंद. पैलवानानं पाइप गुंडाळला, ढकललं, आणि पाइपाचा चुंबकी सांधा फट्‌कन सुटला. वजनबिजन काही नव्हतं, नुसत्या हिसक्यानं. सगळं मुसळ केरात.

मी वॉकीटॉकी भिंतीवर मारला. (तिसरा. डॉक्टरीणबाई, माफ करा.)

सांध्यावर दोन वेढे टेप जास्त मारायला सांगितली. पैलवान म्हणाला, “मग सुटेल ना, मास्टर?” मी म्हटलं, वजन वायरवर आहे, सुटायची वेळच येणार नाही. हे बरोबरच आहे.

संध्याकाळी धाकटा इमारतीच्या मागे ओकत होता. मी पाठीवर हात फिरवला. म्हणाला, “बाबा असते तर त्यांना आवडलं असतं, नाही?” मी हो म्हटलं. माझा फार जीव आहे त्याच्यावर. हे त्याला कधी सांगितलेलं नाही, इथं लिहून ठेवतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पाचवा ते आठवा टेक. आज मी कोणालाही हात लावलेला नाही.

सकाळी मॉनिटरवर दिसलं की धाकट्याची मान हिरोपेक्षा जाड दिसतेय. चेहरेवाला म्हणाला चेहरा बसवतो, मान बारीक करायला महिना लागेल. जाडी भावजयीच्या पट्ट्याची होती. मी पट्टा काढायला लावला. धाकट्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काढून दिला. मी तो जॅकेटच्या खिशात ठेवला.

सहावा टेक आजवरचा सगळ्यात चांगला चालला होता. पाच मिनिटं पन्नास सेकंद. दुसऱ्या मजल्यावर चाकूचा वार बसला, आणि धाकटा एकदम ओरडला, “पाणी! पाणी!”

सगळं थांबलं. काय झालं होतं? खोटं रक्त डोळ्यांत गेलं होतं, त्याला दिसत नव्हतं. एवढंच. पाच मिनिटं पन्नास सेकंद मातीत! तळपायाची आग मस्तकात गेली. मी बाटली घेतली, दोन मजले उतरून गेलो आणि सगळ्यांसमोर त्याच्या हातात दिली. म्हटलं, “पाणी पाहिजे ना बाळाला? घे. पी. सगळी पी.” तो उभा राहिला. मी म्हटलं, “पी.” त्यानं सगळी बाटली संपवली. लोक हसले. पैलवान हसला नाही.

मी कोणावर हात उगारला नाही, काही फोडलं नाही. डॉक्टरीणबाईंनी याला प्रगती म्हणायला हरकत नाही.

त्यानंतर दोन टेक झाले. आठव्यात चौथ्या मजल्यावर त्याचा गुडघा खरोखर कठड्यावर आपटला, मला आवाजावरून कळलं. पण तो ‘पाणी’ म्हणाला नाही. शहाणा झाला.

१९ फेब्रुवारी, बुधवार

नववा टेक.

वायर मोकळी झाली होती. कमरेच्या मागचा हुक पट्ट्यातून निसटून कठड्याच्या गजात अडकला आणि वायर सैल लोंबत राहिली. सगळं वजन पाइपावर आलं. सांधा सुटला नाही.

पैलवानानं आधी ओळखलं. त्यानंच पाइप टाकला, उडी मारून त्याला खालून उचलून धरलं आणि बोंबलला. मी कट म्हटलं की नाही, आठवत नाही.

त्याचा चेहरा निळा होता. ठिपके तसेच.

त्यानं हात मारला होता म्हणतात. मी पाहिलं नाही. मॉनिटरवर धूर होता.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

जिवंत आहे. मानेचा मणका सरकलाय, मेंदूला काही वेळ प्राणवायू मिळाला नाही. गळ्यात नळी आहे, बोलता येत नाही. डाव्या हाताची बोटं तेवढी हलतात. डॉक्टर म्हणाले वाट पाहू. किती, ते सांगत नाहीत.

भावजय बाकावर बसली होती. तिच्या हातात त्याच्या सामानाची पिशवी. शर्ट, बूट, घड्याळ. ती सगळं बाहेर काढून पुन्हा आत ठेवत होती. म्हणाली, “पट्टा नाही यात.”

मी म्हटलं, “त्यानं काढला असेल. उकडत होतं.”

पट्टा माझ्या जॅकेटच्या खिशात होता. जॅकेट माझ्या अंगात होतं. मी शेजारी बसलो तेव्हा तिचा कोपर त्या खिशाला लागत होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सुरक्षा खात्याचा अधिकारी आला. सभ्य माणूस, चहासुद्धा घेतला नाही. एकेकाला बोलावून विचारलं. ठरलेली खूण कोणती? ‘पाणी.’ कागद आहे का? आहे, सगळ्यांच्या सह्या आहेत, जखमीचीही आहे. ‘पाणी’ असं कोणी ऐकलं? कोणीच नाही. हे अगदी खरं आहे, कोणीच ऐकलं नाही. गळ्याला फास लागलेला माणूस कसा काय म्हणणार, असं नोंदवाली म्हणाली. अधिकाऱ्यानं तेही लिहून घेतलं. तेव्हा माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं, की त्या प्रसंगात त्याचा गळा आवळलेला असणार हे मला खडूनं जिना काढला तेव्हापासून माहीत होतं.

मग अधिकाऱ्यानं मला विचारलं, “हात आपटलेला तुम्ही पाहिलात?”

मी नाही म्हटलं.

निष्कर्ष असा निघाला, की हुक अडकणं हा अपघात. टेपबद्दल ताकीद. काम पुढे चालू ठेवायला परवानगी.

पैलवानानं सिनेमा सोडला. जाताना मला म्हणाला, “मास्टर, वजन माझ्या हातात येत होतं. मला वाटलं, काय काम करतोय हा!” आणि हमसून हमसून रडायला लागला. सव्वाशे किलोचा माणूस. मला त्याला जवळ घ्यायला हवं होतं. मी घड्याळ पाहत उभा राहिलो.

१० मार्च, सोमवार

निर्माता म्हणाला, शॉट टाकून द्यायचा का? मी म्हटलं, मग माझा भाऊ कशासाठी पडला तिथं? त्यानं मान डोलावली. वाक्य चांगलं होतं. घरी येऊन बेसिनमध्ये तोंड धुताना मला त्या वाक्याची शिसारी आली.

तर शॉट ठेवायचा. नवव्या टेकचे सहा मिनिटं चाळीस सेकंद आहेत. उरलेले बत्तीस सेकंद आम्ही दुसऱ्या पडणाऱ्याकडून आणि दुसऱ्या पैलवानाकडून करून घेतले. या वेळी मानेला पट्टा, कमरेला दोन वायरी आणि पाइप अगोदरच कापलेला. चेहरेवाल्यानं सहा चाळीसला कॅमेरा अंधाराकडे झर्रकन फिरवला आणि जोड लावला. चार दिवसांत काम झालं.

मी वीस वेळा पाहिलं. जोड दिसत नाही.

तो म्हणालाच होता.

२० मार्च, गुरुवार

चेहरा बसला. अफाट झालाय. निर्मात्यानं चार बाहेरच्या माणसांना दाखवला. त्यातली एक बाई लटकण्याच्या वेळी खुर्चीतून उठलीच. सगळे म्हणाले, हिरोनं जीव ओतलाय. हिरोनं खाली मान घातली आणि हात जोडले. त्याचा तरी काय दोष? त्याच्या कातडीखाली धाकट्याचे डोळे फुटायला आलेत, धाकट्याचा जबडा हलतोय. ती वेदना दाखवायला कोणाला सांगता येत नाही.

सगळे गेल्यावर चेहरेवाल्यानं दार लावून घेतलं. म्हणाला, “मास्टर, सेटवरच्या वॉकीटॉकीचा एक वेगळा ट्रॅक आहे. आवाजवाल्यांनी सवयीनं रेकॉर्ड केलेला. त्यावर तुम्ही आहात. पुसू का?”

मी म्हटलं, ऐकव.

कानाला लावलं. आधी धाप, पायांचे आवाज, आगीचा आवाज. मग लोखंडी कठड्यावर हात. ठण, ठण, ठण. थोडं थांबून पुन्हा तीनदा. आणि त्यावर माझा आवाज, अगदी शांत. माझा इतका शांत आवाज मी कधी ऐकला नव्हता.

“आधी आला. चालेल. कोणी थांबू नका.”

पहिल्या ठणापासून पैलवानाच्या बोंबेपर्यंत अकरा सेकंद आहेत. मी मोजले.

सहा एकोणतीसला हात आला होता, पायरीवर नाही, कठड्यावर. ठरला होता सहा पंचावन्नला. म्हणजे तो नाटकातला नव्हता, हे मला त्याच क्षणी माहीत होतं की नव्हतं? मी तासभर तिथं बसून आठवायचा प्रयत्न केला. एवढंच आठवतं, की सहा मिनिटांच्या पुढे हा टेक पहिल्यांदाच इतका स्वच्छ चालला होता. मी जिंकत होतो.

चेहरेवाल्याला म्हटलं, पुसून टाक. त्यानं माझ्यासमोर पुसला. पण आता मी तो शब्द न् शब्द इथं लिहिला आहे. का लिहिला, ते कळत नाही. फाडावंसं वाटलं की फाडीन.

२ एप्रिल, बुधवार

दुपारी रुग्णालयात गेलो. टॅबमध्ये शॉट भरून नेला होता. भावजयीनं मागेच बजावलं होतं, “त्यांना ते दाखवू नका.” पण ती डॉक्टरांशी बोलायला खाली गेली होती, आणि मला वाटलं, सगळ्यांनी पाहिलं, चार परक्या माणसांनी पाहिलं, ज्याचं काम आहे त्यानंच पाहू नये? कारागिराला आपलं काम पाहायचा हक्क असतो.

खाटेचा मागचा भाग थोडा वर केला. त्याचा डावा हात बाजूच्या लोखंडी कठड्याला टेकलेला होता. टॅब त्याच्या डोळ्यांसमोर धरला. म्हटलं, “बघ. तू आहेस हा.”

तो पाहत होता. दार तोंडावर. पाइप. काच. शरीर त्याचं, चाल त्याची, ओठ फाटला तोही त्याचाच. चेहरा हिरोचा. मी त्याला मध्ये मध्ये समजावत होतो, हा उजेड बघ कसा पडलाय, इथं कॅमेरा किती सफाईनं हातात घेतलाय. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. नर्सनं मागे सांगितलं होतं की ते आपोआप येतं.

पैलवानानं पाइप गुंडाळला. ढकललं. पडद्यावर हात कठड्यावर आपटला.

आणि खाटेच्या कठड्यावर त्याच्या नखाचा आवाज आला. अगदी बारीक. एक. दोन. तीन.

मी पाहिलं. या वेळी धूर नव्हता. मी त्याच्या हाताकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तो टॅबकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता. पुन्हा तीनदा.

त्याचा अर्थ काय, हे मला या जगात सगळ्यात आधी शिकवलं गेलं.

पण पुढे अकरा सेकंदांवर जोड होता. तो कसा दिसत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. मी चालू ठेवलं.